डब्यावरचा फोटो माझा आहे

१२ जानेवारी

दादा,

नमस्काराचं पुढे बघू. तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याची खूण यायची, कालपासून तीही बंद झाली. म्हणून कागद घेतला. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

धाकट्याने भर जिममध्ये तमाशा केला, असं तू आईला सांगितलंस. आता तिखटमीठ न लावता माझ्या तोंडून ऐक.

चार वर्षं आम्हाला मूल नाही. चार वर्षं तपासण्या झाल्या त्या तुझ्या भावजयीच्या. सुया तिला, गोळ्या तिला, वहिनीचे उसासेही तिलाच. या खेपेला डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "यात यांचे सगळे कागद आहेत. तुमचा एकही कसा नाही?"

मी सवयीने दंड फुगवून बसलो होतो. म्हटलं, "मला काय झालंय?"

"तेच बघू," म्हणाल्या.

शून्य, दादा. काचपट्टीवर एकसुद्धा शुक्राणू नाही. दुसऱ्यांदा तपासलं, तरी तेच. मग बाईंनी विचारलं, काय खाता? मी छाती पुढे काढून सांगितलं की अंडी, मासे, पालेभाज्या, अक्रोड, शिवाय सकाळ-संध्याकाळ आपली पावडर, जिच्या डब्यावर माझाच फोटो आहे. त्यांनी डबा मागवून घेतला, चष्मा वर करून वाचला. जस्त, सेलेनियम, कार्निटिन, क जीवनसत्त्व. "यातलं काही मीसुद्धा देते, ज्यांच्यात कमी असतं त्यांना. याने शून्य होत नाही. यावर न लिहिलेलं काय आहे?" मग माझं रक्त तपासलं आणि तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पुरुषी हार्मोन बाहेरून पोटात जायला लागलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो आतल्या कारखान्याला टाळं लावतो. दंड फुगतात आणि खाली कामगार घरी बसतात.

मी तुझ्या गोदामातले दोन सीलबंद डबे प्रयोगशाळेत दिले. निघालं. न लिहिलेलं तेच निघालं.

आधी मी तुझ्याकडेच आलो होतो, हे विसरू नकोस. जिममागच्या खोलीत खोक्यांवर बसून तू चहा पीत होतास. "तुला मूल होत नाही म्हणून माझ्या डब्यावर खापर फोडतोस?" असं म्हणालास. मग आवाज खाली आणून म्हणालास, "बाहेर बोलू नकोस. हसतील तुला. एवढा रेड्यासारखा गडी आणि आत काही नाही, म्हणतील. गुपचूप बाहेरगावी जाऊन उपचार घे. बाकी मी बघतो."

तू काय बघणार ते मला तिथेच कळलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाणी बंद केली, बाकावर चढलो आणि सगळ्यांना सांगितलं की माझ्यात एकही शुक्राणू नाही, आणि हे आपल्या पावडरीने झालंय. ती घेऊ नका. पोस्टमनला वाटलं मी थट्टा करतोय, तो हसला. शिंपी पावडर कालवलेल्या पाण्याची बाटली तोंडाला लावणार होता, त्याने ती खाली ठेवली. तू खोलीतून बाहेर आलास. मला वाटलं निदान दोन शिव्या देशील. तू काय केलंस? गाणी पुन्हा लावलीस. आधीपेक्षा मोठ्याने.

डब्यावरचा फोटो माझा आहे. तेव्हा डब्याबद्दल बोलायचा हक्कही माझाच. शब्द मागे घेणार नाही.

अजून तरी तुझाच,
धाकटा


२ मार्च

दादा,

तुझा निरोप आईच्या तोंडून मिळाला. स्वतः यायला पाय दुखतात का?

मी चोरून इंजेक्शनं घेत होतो असं तू लोकांना सांगतोयस म्हणे. आणि मी तसं कबूल केलं की मला जिममध्ये परत घेशील, फोटोही तसाच ठेवशील. वा! म्हणजे खोटं मी बोलायचं, आणि वर उपकार तुझे.

आई आमच्या स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत म्हणाली, "असल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडतात का रे? माझी मान खाली गेली."

मी म्हटलं, "आई, चार वर्षं सुनेचं पोट चव्हाट्यावर होतं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यावर बोलून जायची. तेव्हा तुझी मान कुठे होती?"

ही ओट्याशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. आई उठली आणि हिच्या शेजारी उभी राहून पोळ्या भाजायला लागली. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण एकही पोळी करपली नाही. जाताना आई दारात म्हणाली, "त्याला काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, नाही."

तेव्हा हे घे लेखी. नाही.

माझी काळजी करत असशील तर करू नकोस. शिंप्याने त्याच्या दुकानामागची बंद पडलेली छापखान्याची शेड दिली आहे. तेलाच्या डब्यांत वाळू भरून वजनं केली आहेत. तुझ्याकडचे अकरा जण इकडे आले. पहिल्याच दिवशी मला घेरून विचारायला लागले, आता खायचं तरी काय? कुणी म्हणे जस्ताच्या गोळ्या घेऊ, कुणी म्हणे अमुक तेल. मी सगळ्यांना डॉक्टरीणबाईंच्या दारात नेऊन उभं केलं. बाई वैतागल्या, पण बोलल्या. "शरीरात एखादी गोष्ट कमी असेल तर ती भरून काढायची. त्याचा काहींना उपयोग होतो. कमी नसेल तर मूठभर गोळ्या खाऊन शुक्राणूंना जास्तीच्या शेपट्या फुटत नाहीत. नीट जेवा, तंबाखू सोडा, दारू आवरा, झोपा. आणि लेबलावर भरवसा ठेवण्याआधी मला विचारा." शिंपी म्हणाला, "बाई, एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच करून दाखवा."

मी एकदम ठणठणीत आहे. पावडर सोडून दोन महिने होत आले. काही फरक जाणवत नाही.

धाकटा


६ मे

दादा,

मागच्या पत्रात ठणठणीत आहे असं लिहिलं ते साफ खोटं होतं. तुला आनंद होऊ नये म्हणून लिहिलं. आता होऊ दे.

पावडर सोडल्यावर मी फुग्यातली हवा जावी तसा बसलो. शर्ट खांद्यावर लोंबायला लागले. शिंप्याने न विचारता दोन शर्ट आत घेऊन दिले. जिना चढताना धाप लागायची. बायकोजवळ जायची इच्छा मेली. बाजारात कुणी हाक मारली तरी रडू यायचं. बाई म्हणाल्या, हे होणारच, बंद कारखाना लगेच सुरू होत नाही, आधी कुलूप गंजलेलं निघतं. मला ते डोक्याने समजत होतं, पण आरशात समजत नव्हतं.

आणि हेही ऐक. प्रयोगशाळेत दोन डबे नेले होते, त्यांतला एक न उघडलेला परत आला होता. तो मी कपाटावर ठेवून दिला होता. पुरावा म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचो. एका दुपारी ही कामावर गेलेली असताना मी तो खाली काढला. सील फोडलं. चमचा भरला. आपण पुन्हा तसेच दिसू, एवढंच डोक्यात होतं. मूल वगैरे काही आठवलं नाही.

ही तेवढ्यात परत आली, छत्री विसरली होती म्हणून. माझ्या हातातला चमचा बघितला. मला वाटलं ओरडेल. तिने खुर्ची ओढली, समोर बसली आणि म्हणाली, "घे. तुझं शरीर आहे. फक्त एक सांगते. मला चार वर्षं सगळे म्हणत होते की तुझ्यात खोट आहे, आणि मी रोज सकाळी उठून, वेणी घालून कामाला जात होते. तुला चार महिने जड जातायत?"

दादा, तू मला वजन उचलायला शिकवलंस. पण असं वजन मी आजवर उचललं नव्हतं. चमचा मोरीत गेला, डबाही गेला. पुरावा तेवढा कमी झाला. होऊ दे. प्रयोगशाळेचा अहवाल आहे.

आता मी बारीक आहे. डब्यावरच्या माणसाशी माझं तोंड सोडून काही जुळत नाही. बसड्रायव्हर, तुझ्याकडे येणारा तो मिशाळ, मागच्या महिन्यात शेडमध्ये माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी टोमणा मारणार. तो म्हणाला, "मी दोन वर्षांपूर्वी बायकोला माहेरी पाठवलं. मूल होत नाही म्हणून. पावडर मी तीन वर्षं घेतोय." मग वाळूचा डबा खाली ठेवून त्याने बाईंचा पत्ता मागितला. दुसऱ्या दिवशी तपासणीला गेला. त्याचाही अहवाल माझ्यासारखाच निघाला. परवाच्या सुट्टीत तो तिच्या माहेरी जाऊन आला. तिने दार उघडलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. तो म्हणतो, पुन्हा जाणार. ती पुन्हा लावेल. तो तिचा हक्क आहे, असंही त्यानेच म्हटलं.

याचा हिशेब तू कुठल्या वहीत लिहिणार आहेस?

धाकटा


२९ जून

दादा,

चिंगी आली होती. तुझी मुलगी, माझी पुतणी. तुझ्याकडे न जाता माझ्याकडे आली, यातच काय ते समज.

लग्नाला दोन वर्षं झाली म्हणून सासूबाई तिला तिसऱ्या डॉक्टरकडे पाठवतायत. ती आमच्या सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती, लहानपणी परीक्षेच्या आधी बसायची तशी. म्हणाली, "काका, मला खरं सांग. आमच्याकडे हे घेतात ती पावडर आणि तुझी पावडर एकच का?"

मी विचारलं, "तुझ्याकडे घेतात?"

"बाबांनी लग्नात खोकंच दिलं होतं. आता स्वतः विकत आणतात. मित्रांनाही देतात."

मी त्याच संध्याकाळी तिच्या सासरी गेलो. न बोलावता. तुझे व्याही पेपर वाचत होते, विहीणबाईंनी चहा टाकला. जावईबापू बिनबाह्यांचा बनियन घालून आले, खांदे असे की दारातून तिरके आत आले. आणि फ्रीजवर तीन डबे. तीन ठिकाणी मीच हसत होतो.

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या मुलाची तब्येत बघताय ना? आमच्याकडे असलं कधी कुणाला काही नाही."

मी जावईबापूंना म्हटलं, "हा फोटो कुणाचा?"

"तुमचा, काका." हसले. "आता ओळखू येत नाही."

"या फोटोतल्या माणसाचा काउंट शून्य निघाला. याच डब्याने. तुमचा तपासून घ्या."

चहाची किटली जागच्या जागी थांबली. व्याह्यांनी पेपरची घडी घातली. जावईबापू लालेलाल झाले. "तुम्ही मला नामर्द म्हणताय, माझ्याच घरात?"

"नाही. मी स्वतःलाही म्हणत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक बिछान्यातली आणि दुसरी सूक्ष्मदर्शकाखालची. ही दुसरी डोळ्याला दिसत नाही, दंडावरूनही कळत नाही."

व्याही म्हणाले, "निघा तुम्ही."

मी उठलो. तेवढ्यात चिंगी स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. "उद्या मी डॉक्टरकडे जाणार नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. आता नंबर यांचा. यांनी तपासलं नाही तर मी काकांकडे राहायला जाते."

विहीणबाई काहीतरी बोलायला गेल्या. चिंगीने त्यांच्या हातातली किटली घेतली आणि ओट्यावर ठेवली. बस्स.

तुला राग आला असेल. येऊ दे. मी तिचा काका आहे, हे तूच तिला पहिल्यांदा शिकवलं होतंस.

धाकटा


२० ऑगस्ट

दादा,

सात महिन्यांनी तुझं पत्र आलं. एक ओळ. "माझ्या मुलीच्या संसारात नाक खुपसू नकोस."

उत्तर देतो. जावईबापू आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग स्वतःहून तपासणीला गेले. त्यांचा काउंट अगदीच कमी आहे, पण शून्य नाही. डबे तिन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतले. मला फोन करून म्हणाले, "काका, त्या दिवशी चहा राहिला तुमचा." एवढंच. मला पुरे आहे. विहीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्याचंही मला काही वाटत नाही.

पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्या कारणाने. परवा वहिनी आली होती. मी सात महिने स्वतःला समजावत होतो की तुला माहीत नसेल, माल पुरवणाऱ्याने तुला फसवलं असेल. मी हिलासुद्धा असंच सांगायचो. वहिनीला मी सहज म्हटलं, दादाही घेतच असेल ना, त्यालाही तपासून घ्यायला सांग. ती म्हणाली, "ते? ते कधीच घेत नाहीत. पहिल्यापासून एक चमचा नाही."

मग बोलता बोलता तिने दुसरंही सांगितलं. मी जिममध्ये बाकावर चढलो त्यानंतर महिन्याभरात तुम्ही दोघं चिंगीकडे जेवायला गेला होतात. तू फ्रीजवरचे डबे बघितलेस. वहिनीने तुला बघताना बघितलं. तिला वाटलं, जावयाने आपला माल ठेवलाय म्हणून खूश होशील. तू तिथे काहीच बोलला नाहीस. पाणी मागितलंस. घरी येऊन रात्री न जेवता झोपलास.

दादा, मी हे चार वेळा वाचलं, स्वतःच लिहिलेलं. म्हणजे बोललास तर धंदा जाणार होता आणि गप्प बसलास तर मुलगी. आणि तू पाणी प्यालास.

माझं एक वेळ जाऊ दे, मी धाकटा, मला तू लहानपणापासून पुढे ढकलत आलायस. पण चिंगी?

मी सरकारी निरीक्षकांकडे तक्रार दिली आहे. अहवाल, माझे कागद, बसड्रायव्हरचे, आणि शिंप्यानेही तपासून घेतलं होतं, त्याचे. जावईबापूंचे त्यांनी स्वतः आणून दिले. हे तुझ्या पाठीमागे करायचं नाही म्हणून कळवतो.

धाकटा


११ ऑक्टोबर

दादा,

उद्या सकाळी सुनावणी आहे. तुलाही नोटीस गेली असेल. तुझ्या वकिलाने शिंप्याला गाठून म्हटलं म्हणे की तुम्हाला चार लोकांत हे सगळं मोठ्याने सांगावं लागेल, विचार करा. शिंपी म्हणाला, "माझ्या दुकानात सगळ्या गावाची मापं आहेत, साहेब. मी कुणाची लाज धरू?" तो येतोय. बसड्रायव्हर रजा टाकून येतोय. त्याच्या बायकोने गेल्या खेपेला दार लावलं नाही, उंबऱ्यावर उभी राहून बोलली. ती येणार नाही, पण त्याने सांगावं असं म्हणाली.

माझं विचारशील तर काल तपासणी झाली. थोडे दिसले. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. अगदी मोजके, दोन-तीन तर जागच्या जागी गोल गोल फिरत होते, पण एक सरळ गेला. बाई म्हणाल्या, "याचा अर्थ मूल असा नाही. होईल, न होईल. याचा अर्थ एवढाच की टाळं निघालं." ही बाहेर बाकावर बसली होती. मी सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. आता तू यावरून मिरवू नकोस." आणि मग हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, आणि मग मला म्हणाली चल, भूक लागली.

आम्हाला मूल झालं तरी उद्या मी हेच बोलणार होतो, नाही झालं तरी हेच बोलणार. हे तुला कळावं म्हणून सांगतो. तुझ्याबद्दल एकही शब्द वाढवून सांगणार नाही, आणि एकही गाळणार नाही. तू मला खांद्यावर बसवून शाळेत नेत होतास, हे कुणी विचारलं तर तेही सांगेन. कुणी विचारणार नाही, पण विचारलं तर.

चिंगी येणार आहे. ती कुठल्या बाजूला बसणार ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आईला आम्ही घरी थांब म्हणत होतो. ऐकत नाही. सकाळपासून तिची चांगली साडी काढून ठेवलीय. मी म्हटलं, "आई, तिथे बाजू असतात. इकडे तक्रार करणारे, तिकडे ज्याच्यावर तक्रार आहे ते."

"आणि मध्ये?"

"मध्ये वाट असते, लोकांना जायला-यायला."

"मग मी वाटेत खुर्ची टाकून बसते," म्हणाली. "दोघांच्याही पाठीत धपाटा घालता आला पाहिजे मला."

साहेब उठवतील म्हटलं, तर म्हणाली, उठवून तर दाखवू दे.

ती खरंच बसणार आहे, दादा. मी तिला अडवणार नाही. तुझ्यात धमक असेल तर तू अडव.

धाकटा